औषधाच्या मशीनपुढे पहिल्यांदा उभं राहताना

औषधाच्या दुकानात काउंटरपलीकडे उभं राहून माणसांशी बोलणं हे माझं कित्येक वर्षांचं काम. मध्ये काही काळ मी तेच काम पडद्यामागून केलं. माणूस कुठल्यातरी मशीनपुढे उभा, मी भलतीकडेच हेडफोन लावून बसलेली आणि आमच्यामध्ये एक कॅमेरा. पहिल्या आठवड्यातच एक फरक जाणवला. दुकानात माणूस दारातून काउंटरपर्यंत येईतो मला त्याच्याबद्दल बरंच कळलेलं असायचं. लंगडतोय, धाप लागलीय, पावलं सुजलीत, कडेवरचं पोर तापाने मलूल झालंय, पिशवीतून आणखी दोन डॉक्टरांच्या चिठ्ठ्या डोकावताहेत. मशीनचा कॅमेरा मला चेहरा आणि अर्धा खांदा दाखवायचा. बाकीचं त्याने सांगितलं तरच कळायचं. आणि बहुतेक जण सांगत नसत, कारण मशीन म्हटलं की बटण दाबायचं, वस्तू घ्यायची आणि निघायचं एवढंच हाताला ठाऊक असतं.

कुठलं बटण कधी दाबायचं ते मशीनचा पडदाच सांगतो, त्यासाठी माझी गरज नाही. कॅमेऱ्याला जे दिसत नाही ते कसं पोचवायचं, तेवढ्यापुरता हा लेख आहे.

समोर उभं आहे ते नेमकं काय?

बाहेरून सगळ्या पेट्या सारख्याच दिसतात, पण त्यांच्यात तीन जाती आहेत आणि जात ओळखल्याशिवाय पुढे जाऊ नये.

पहिली जात म्हणजे नुसता लॉकर. औषध फार्मासिस्टने दुसरीकडे आधीच काढलेलं, तपासलेलं आणि पाकिटात बंद केलेलं असतं. तुमच्या फोनवर मेसेज येतो, त्यातला आकडा टाकला की कप्पा उघडतो. इथे पडद्यावर कोणी भेटेलच असं नाही. बोलणं आधी फोनवर झालंय असं गृहीत धरलेलं असतं. झालं नसेल, तर कप्पा उघडण्याआधी ते करून घ्या.

दुसरी जात म्हणजे खरा किऑस्क. आत कारखान्यातून आलेली बंद खोकी रचून ठेवलेली असतात. तुम्ही चिठ्ठी स्कॅन करता, दूरवरचा फार्मासिस्ट पडद्यावर येतो, चिठ्ठी वाचतो, तुमच्याशी बोलतो आणि मंजुरी देतो. मग यांत्रिक हात खोकं उचलतो, त्यावरचा बारकोड वाचला जातो, तुमच्या नावाचं लेबल छापून चिकटतं. चांगल्या मशीनमध्ये फार्मासिस्ट त्या खोक्याचा फोटो आपल्या पडद्यावर पाहतो आणि त्यानंतरच ते खिडकीत सोडतो. हा लेख मुख्यतः या जातीबद्दल आहे.

तिसरी जात म्हणजे चिठ्ठीविना मिळणाऱ्या वस्तूंची पेटी. डोकेदुखीची गोळी, मलमपट्टी, थर्मामीटर वगैरे. तिथे कोणी काही विचारत नाही. म्हणूनच मला तिची सगळ्यात जास्त धास्ती वाटते, पण त्याबद्दल पुढे.

यंत्राने वस्तू देण्याची कल्पना नवी नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकात अलेक्झांड्रियाच्या हेरॉनने नाणं टाकलं की मंदिरातलं पवित्र पाणी मोजून देणाऱ्या यंत्राचं वर्णन लिहून ठेवलंय. लांबच्या माणसाने बोलून औषध द्यायचं, हेही जुनंच. ऑस्ट्रेलियातल्या फ्लाइंग डॉक्टर सेवेने १९४२ पासून दूरदूरच्या वस्त्यांवर औषधपेट्या ठेवल्या. पेटीतल्या प्रत्येक औषधाला नंबर असे आणि डॉक्टर रेडिओवरून सांगे, अमुक नंबरची गोळी इतक्या वेळा द्या. तिकडे एक किस्सा सांगतात, की कोणाला ९ नंबरचं औषध द्यायचं होतं, ते संपलेलं निघालं, तेव्हा घरच्यांनी ५ आणि ४ मिळून दिलं. खराखोटा देव जाणे, पण पडद्यामागे बसल्यावर मला तो किस्सा वारंवार आठवायचा. अमेरिकेत नॉर्थ डकोटा राज्याने २००१ मध्ये नियम बदलले आणि लहान गावातलं औषधाचं दुकान दूरच्या फार्मासिस्टच्या व्हिडिओ देखरेखीखाली चालवायला परवानगी दिली. तिथे काउंटरवर प्रशिक्षित मदतनीस असतोच. यांत्रिक हात आणि पडदा एकत्र आले ते नंतर. जोहान्सबर्गमधल्या अलेक्झांड्रा वस्तीत २०१८ मध्ये सुरू झालेलं केंद्र हे त्याचं ठळक उदाहरण. लोक त्याला औषधाचं एटीएमच म्हणू लागले. (हेरॉनचं अलेक्झांड्रिया आणि हे अलेक्झांड्रा, हा निव्वळ योगायोग.)

त्या केंद्राची एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. ते उभारलं गेलं एचआयव्ही, मधुमेह, रक्तदाब अशा दीर्घ आजारांच्या, पण तब्येत स्थिर असलेल्या आणि महिन्यामागून महिना तीच गोळी घेणाऱ्या लोकांसाठी. दवाखान्यातल्या लांबलचक रांगेतून त्यांची सुटका व्हावी म्हणून. मशीन याच कामात पटाईत आहे. आयुष्यात पहिल्यांदाच सुरू होणारं औषध असेल आणि समोरासमोर बोलायची सोय जवळपास असेल, तर मी तुम्हाला समोरासमोरच जा म्हणेन. सोय नसेल तर मशीन जरूर वापरा, फक्त वेळ काढून जा.

मशीनमध्ये काय मिळत नाही

हे आधी माहीत असलं तर फेरा वाचतो. झोपेच्या गोळ्या, तीव्र वेदनाशामक अशी कडक नियंत्रणाखालची औषधं बहुतेक किऑस्कमध्ये ठेवतच नाहीत. फार्मासिस्टने हाताने तयार करून द्यायची मिश्रणं मिळणं शक्यच नाही. स्ट्रिप कापून चार गोळ्या देता येत नाहीत, कारण यंत्र अख्खं खोकं उचलतं. थंड ठेवायची औषधं, उदाहरणार्थ न उघडलेलं इन्सुलिन, २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावी लागतात. शीतकप्पा असलेली मशीन असतात, पण सगळीच नसतात. ॲप किंवा मदत क्रमांक असेल तर निघण्याआधी साठा विचारून घ्या. आत जागा थोडी असते, त्यामुळे जास्त खपणारी औषधंच भरलेली असतात.

घरून निघताना

चिठ्ठी कागदाची असेल तर मूळ कागदच न्या. फोटो काढून पाठवायचा असेल तर चारही कोपरे दिसू द्या. तारीख, डॉक्टरची सही आणि नोंदणी क्रमांक यांच्यावर बोटाची सावली नको. डॉक्टरचं अक्षर न लागल्यामुळे जितक्या चिठ्ठ्या मी परत पाठवल्या, तितक्याच अर्धवट फोटोमुळे पाठवल्या असतील.

चिठ्ठीतली अक्षरं ओळखून ठेवा. ओडी म्हणजे दिवसातून एकदा, बीडी दोनदा, टीडीएस तीनदा. एचएस म्हणजे झोपताना, एसी जेवणाआधी, पीसी जेवणानंतर आणि एसओएस म्हणजे लागलं तरच. गंमत अशी, की डोळ्यांच्या चिठ्ठीत तोच ओडी 'उजवा डोळा' असा असू शकतो. म्हणून अर्थ लागला असं वाटलं, तरी फार्मासिस्टकडून वदवून घ्या.

आता सगळ्यात महत्त्वाची तयारी. सध्या चालू असलेली सगळी औषधं एका पिशवीत घाला आणि पिशवी सोबत घ्या. सगळी म्हणजे सगळी. आयुर्वेदिक काढा, व्हिटॅमिनच्या गोळ्या, शेजारणीने दिलेली ॲसिडिटीची स्ट्रिप, डोळ्यांचे थेंब, दम्याचा पंप, सगळं. नावं पाठ करून जाऊ नका. पडद्यापुढे उभं राहिलं की 'ती पांढरी, छोटी, रक्तदाबाची' एवढंच आठवतं, आणि पांढऱ्या, छोट्या, रक्तदाबाच्या गोळ्या डझनावारी आहेत. पिशवी नेणं जमत नसेल तर प्रत्येक स्ट्रिपच्या मागच्या बाजूचा, जिथे घटकाचं नाव आणि पॉवर छापलेली असते त्या बाजूचा, फोटो काढून ठेवा.

एका चिठोऱ्यावर चारच गोष्टी लिहा: कुठल्या औषधाची ॲलर्जी आहे आणि तेव्हा काय झालं होतं, मूत्रपिंड किंवा यकृताचा आजार आहे का, गर्भारपण किंवा अंगावर पाजणं चालू आहे का आणि औषध मुलाचं असेल तर मुलाचं आजचं वजन किलोत. मुलाचा डोस बहुतेक वेळा वजनावर ठरतो, आणि चार महिन्यांपूर्वीचं वजन मुलाच्या बाबतीत जुनं झालेलं असतं.

ओळख पटवण्यासाठी नोंदवलेला मोबाइल लागतो. दुसऱ्या कुणासाठी औषध न्यायला जात असाल तर आकडा त्यांच्या फोनवर येईल, हे विसरू नका. आजारी आईला घरी फोन करून 'मेसेजमध्ये काय आलंय' असं तीनदा विचारणारा मुलगा आणि मागे वाढणारी रांग, हे दृश्य मी इतक्यांदा पाहिलंय की ते लिहिल्यावाचून राहवलं नाही.

पडद्यावर फार्मासिस्ट येण्याआधी

भाषा निवडा. मशीन जी भाषा आपणहून दाखवतं तिच्यावर थांबू नका, यादी उघडून पाहा. ऐकू कमी येत असेल तर अक्षरं दाखवण्याची सोय आहे का ते बघा.

मग खासगीपणाचं. मशीनला टेलिफोनसारखा रिसीव्हर असेल तर तोच उचला, नसेल तर स्वतःचे इअरफोन लावता येतात का पाहा. स्पीकरवर बोलणं म्हणजे तुमचा आजार अख्ख्या रांगेला सांगणं. मागचा माणूस फार जवळ उभा असेल तर त्याला सरळ सांगा, 'जरा मागे थांबता का?' त्यात काही वावगं नाही. आणि तरीही बोलायला अवघड वाटणारं काही असेल, तर पडद्यावरच्याला तसं म्हणा: 'मला हे इथे मोठ्याने सांगता येत नाही.' आम्ही हो-नाहीत उत्तर देता येतील असे प्रश्न विचारतो किंवा फोनवर बोलायची वेळ ठरवतो. नपुंसकत्वाच्या गोळीबद्दल कुणी चारचौघांत बोलत नाही, हे मलाही समजतं. पण छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची गोळी, म्हणजे नायट्रेट, ज्याच्या खिशात आहे त्याने सिल्डेनाफिल, म्हणजे तीच नपुंसकत्वाची गोळी, घेतली तर रक्तदाब धोकादायक पातळीला उतरतो. म्हणजे जे सांगायला सर्वांत अवघड, नेमकं तेच सांगायला हवं, असा हा पेच.

बोलणं: हीच खरी पायरी

फार्मासिस्ट बहुधा घाईत दिसेल. त्याच्या पडद्यावर एका बाजूला पुढच्या लोकांची यादी सरकत असते, ती तुम्हाला दिसत नाही. तरी तुम्ही घाई करू नका. पहिलं वाक्य साधारण असं असू द्या: 'हे औषध मी पहिल्यांदाच घेतोय' किंवा 'गेलं वर्षभर घेतोय, काही बदल नाही'. एवढ्या एका वाक्याने समोरच्याचा सगळा रोख ठरतो. नंतर चिठोरा वाचा आणि पिशवीतल्या स्ट्रिप एकेक करून कॅमेऱ्यापुढे धरा.

मग विचारा. हे औषध कशासाठी? कधी, किती आणि किती दिवस? जेवणाशी त्याचा काय संबंध? एखादा डोस चुकला तर काय करायचं? काय झालं तर लगेच थांबवून डॉक्टरकडे जायचं? हे पाच प्रश्न कुठल्याही औषधाला चालतात. पण काही औषधं अशी आहेत, की तिथे नेहमीच्या उत्तरावर भागवू नये. त्यांची दोन-चार उदाहरणं देते.

मेथोट्रेक्सेट. सांधेवाताच्या रुग्णाला ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोजच्या सवयीने ती रोज घेतली गेली, तर माणूस दगावू शकतो, आणि जगभर असे मृत्यू झालेले आहेत. दुकानात मी या गोळीच्या पाकिटावर वार लिहून, त्याभोवती गोल काढून, माणसाकडून तो वार म्हणवून घेत असे. पडद्यावरून गोल काढता येत नाही. म्हणून तुमच्या चिठ्ठीत ही गोळी असेल तर लेबलवर वार छापलाय का ते बघा, नसेल तर तिथेच पेनने लिहा आणि कॅमेऱ्याला दाखवा.

थायरॉइडची लेव्होथायरॉक्सिन. ती उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर घ्यायची, एवढं बहुतेकांना माहीत असतं. पण कॅल्शियम किंवा लोहाची गोळी तिच्यापासून चार तास लांब ठेवायची, हे पिशवी पाहिल्याशिवाय सांगायला सुचत नाही. गोळी नियमित घेऊनही तपासणीत थायरॉइड बिघडलेलंच, असं होतं तेव्हा पुष्कळदा पिशवीत कॅल्शियम सापडतं.

पॅरासिटामॉल. निरोगी प्रौढाने दिवसभरात ४ ग्रॅमच्या वर जायचं नाही, म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या आठ गोळ्या, आणि वजन कमी असेल किंवा यकृताचा त्रास असेल तर त्याहूनही कमी. इथे ती तिसऱ्या जातीची पेटी आठवा, जिथे कोणी काही विचारत नाही. तापाची एक गोळी, सर्दीची दुसरी, अंगदुखीची तिसरी. तिन्ही खोक्यांचे रंग वेगळे, नावं वेगळी आणि तिन्हींत पॅरासिटामॉल. यकृताला खोक्याचा रंग कळत नाही. अशा पेटीतून काहीही घेताना खोक्यामागचं घटकाचं नाव वाचा, आणि एकाच वेळी दोन खोकी घेत असाल तर दोन्हींची नावं ताडून पाहा.

डॉक्सिसायक्लिन ही साधी प्रतिजैविकाची कॅप्सूल. घोटभर पाण्याबरोबर गिळून लगेच आडवं झालं तर ती अन्ननलिकेत अडकून तिथे जखम करू शकते. भरपूर पाण्याबरोबर, बसून किंवा उभ्याने घ्यायची आणि नंतर अर्धा तास तरी पाठ टेकायची नाही. चिठ्ठीवर यातलं काहीच लिहिलेलं नसतं.

लहान मुलांचं प्रतिजैविक पुष्कळदा कोरड्या पावडरीच्या बाटलीत येतं. दुकानात आम्ही पाणी घालून, हलवून, तयार औषध देतो. मशीन कोरडी बाटलीच देणार. तेव्हा पडदा बंद करण्याआधी विचारा: पाणी कुठल्या खुणेपर्यंत, कसलं पाणी, तयार झाल्यावर फ्रिजमध्ये ठेवायचं का आणि किती दिवसांनी फेकायचं. साधारण असं असतं, की उकळून गार केलेलं पाणी घ्यायचं, आधी बाटली आपटून पावडर मोकळी करायची, खुणेच्या खालपर्यंत पाणी घालून हलवायचं, फेस बसला की खुणेपर्यंत भरायचं आणि पुन्हा हलवायचं. पण खुणा आणि दिवस औषधागणिक बदलतात, म्हणून तुमच्या बाटलीचं तुम्ही विचारा. डोस मोजायला सुई नसलेली सिरिंज किंवा खुणांचा कप घ्या. घरातल्या चमच्यांची मापं घरागणिक वेगळी.

दम्याचा पंप असेल तर 'कसा घ्यायचा ते माहीत आहे' असं म्हणू नका. कॅमेऱ्यापुढे घेऊन दाखवा, किंवा रिकाम्या हाताने अभिनय करून दाखवा. वर्षानुवर्षं पंप वापरणारे लोक तो न हलवता, श्वास आत घेण्याआधीच दाबून, औषध जिभेवर फवारताना मी पाहिलेत. या एका बाबतीत मात्र पडदा काउंटरपेक्षा बरा, असं माझं मत झालंय. दुकानात लोकांना लाज वाटते, कॅमेऱ्यापुढे जरा कमी वाटते.

शेवटी, ऐकलेलं परत बोलून दाखवा. 'म्हणजे सकाळी एक, उपाशीपोटी, सात दिवस, बरोबर?' याने तुमची परीक्षा होत नाही, सांगणाऱ्याची होते. त्याने घाईत 'दोन' म्हटलं असेल तर ते इथेच सापडतं.

नकार मिळाला तर

कधी फार्मासिस्ट म्हणेल, 'हे मी देऊ शकत नाही.' चिठ्ठीची मुदत संपली असेल, दोन औषधांचं आपसात जमत नसेल, डोस विचित्र वाटत असेल, किंवा गेल्याच आठवड्यात महिन्याचा साठा नेल्याची नोंद असेल. मशीन नाही म्हणालं असं समजून चिडू नका. चिठ्ठी वाचून माणसानेच तो निर्णय घेतलेला आहे, आणि तो निर्णय घेण्यासाठीच त्याला तिथे बसवलंय. कारण विचारा, डॉक्टरशी तो स्वतः बोलणार आहे का ते विचारा, आणि तोवर चालू औषध बंद ठेवायचं की घ्यायचं, हे नक्की विचारा. हा शेवटचा प्रश्न लोक विसरतात आणि नको ती गोळी चालू किंवा हवी ती गोळी बंद ठेवून दोन दिवस काढतात.

खोकं हातात आल्यावर

लगेच पिशवीत टाकू नका. संभाषण चालू असतानाच खोकं घ्या, कारण काही मशीनमध्ये ठरावीक वेळात उचललं नाही तर ते परत आत ओढलं जातं आणि सगळं पहिल्यापासून करावं लागतं. खोकं कॅमेऱ्यापुढे धरून मोठ्याने वाचा: लेबलवरचं नाव तुमचंच आहे ना, घटक कोणता, पॉवर किती, मुदत कधीपर्यंत. मग खोकं उघडून आतली स्ट्रिप बाहेर काढा. खोक्यावर आणि स्ट्रिपवर एकच नाव आणि एकच पॉवर हवी. लेबल छापील मुदतीवर चिकटलं असेल तर स्ट्रिपवरची मुदत पाहा.

ब्रँड बदललेला असू शकतो. यंत्रात जो ब्रँड भरलेला आहे तोच मिळणार, आणि घटक तोच असेल तर सहसा बिघडत नाही. बिघडतं ते घरी. डब्यात जुन्या नावाची अर्धी स्ट्रिप असते, हातात नव्या नावाची असते आणि दोन वेगळी औषधं समजून माणूस दोन्ही घेतो. रक्तदाबाच्या ॲम्लोडिपिनचं असं झालं की चक्कर येते, घोटे सुजतात आणि त्या सुजेवर कुणीतरी तिसरी गोळी देतं. नवीन नाव दिसलं की विचारा, 'माझ्या आधीच्या कुठल्या गोळीच्या जागी ही आहे?' घरी जाताच जुन्या स्ट्रिपला रबरबँड लावून बाजूला ठेवा, किंवा ती आधी संपवायची का ते ठरवून घ्या. नावापुढे एसआर, ईआर, एक्सएल अशी अक्षरं असतील तर गोळी फोडायची किंवा कुटायची नाही. ती हळूहळू विरघळण्यासाठी केलेली असते.

निघताना पावती घ्या आणि 'संपवा' दाबा. पडदा पहिल्या पानावर गेल्याचं पाहूनच वळा, नाहीतर तुमच्या औषधांची यादी पुढच्या माणसासमोर उघडी राहते. चिठ्ठी स्कॅनरच्या काचेवर राहिली नाही ना, हेही बघा. सगळ्यात जास्त विसरली जाणारी वस्तू तीच.

बिघडलं तर

वीज जाते, नेटवर्क जातं, खोकं मध्येच अडकतं. मशीनला धक्के देऊ नका. एकाच्या धक्क्याने दुसऱ्याचं खोकं खाली आलं तर त्याचा धोका अडकलेल्या खोक्यापेक्षा मोठा. पडद्यावरचा व्यवहार क्रमांक टिपा किंवा पडद्याचा फोटो काढा आणि मशीनवर चिकटवलेल्या मदत क्रमांकावर फोन करा. पैसे कापले गेले आणि औषध आलं नाही, तर तो क्रमांकच तुमचा पुरावा.

चुकीचं औषध आलं असं वाटलं, तर ते घेऊ नका, फेकूही नका आणि तुमच्या मागे उभ्या असलेल्याला देऊही नका. खोकं, लेबल आणि पावती तशीच ठेवून लगेच कळवा. बॅच नंबर वाचून दाखवा. चूक तुमच्या एकट्यापुरती आहे की त्या रांगेत भरलेल्या सगळ्याच खोक्यांची, ते त्यावरून शोधता येतं. घरी गेल्यावर लक्षात आलं आणि एखादी गोळी पोटात गेली असेल, तर आधी फार्मासिस्टला किंवा डॉक्टरला गाठा, तक्रार नंतर.

एकदा नेलेलं औषध परत घेऊन दुसऱ्याला देता येत नाही. ते घरी कसं साठवलं गेलं हे कोणाला माहीत नसतं. म्हणून 'सहा महिन्यांचं एकदम घेऊन टाकू' असा विचार करताना, डॉक्टर पुढच्या भेटीत डोस बदलतील का, याचा आधी अंदाज घ्या.

छातीत दुखत असेल, श्वास लागत असेल, बोलणं अडखळत असेल, अंगावर पित्तासारखे चट्टे उठून ओठ-जीभ सुजत असेल, मूल पाणी पिईनासं झालं असेल, तर मशीनकडे यायचंच नाही. थेट रुग्णालयात जायचं किंवा रुग्णवाहिका बोलवायची. मशीनपुढे आल्यावर असं काही झालं, तर मात्र ओरडून पडद्यावरच्याला सांगा. माझ्या एका सहकाऱ्याने अशा वेळी पडद्यावरूनच रांगेतल्या लोकांना कामाला लावलं होतं.

पहिल्या खेपेला सगळं सांगून होत नाहीच. माझ्या पडद्यावर एकदा एक आजी आल्या, रक्तदाबाची गोळी घेतली, 'बाकी काही चालू नाही' म्हणाल्या आणि गेल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी, रांग नसताना, त्या परत मशीनपुढे उभ्या. काही घ्यायचं नव्हतं. हातातली पिशवी वर करून म्हणाल्या, 'काल तुम्ही विचारलंत तेव्हा ही घरी होती.' मग एकेक स्ट्रिप कॅमेऱ्यापुढे धरत गेल्या. 'अगं, उजेड पडतोय का नीट?' असं मध्ये मध्ये विचारत होत्या. अकरा स्ट्रिप होत्या. त्यांतल्या दोन एकाच घटकाच्या निघाल्या आणि एकीची मुदत दोन वर्षांपूर्वीच संपलेली होती.